पाच गाड्यांच्या अपघातात कोणाचंच काही गेलं नाही

राजापूरकडच्या आमच्या वाडीत मी बारामती-इंदापूरला जाऊन आले असं सांगितलं की बायका आधी विचारतात, "तिकडे कोण तुमचं?" जाताना कोणी नव्हतं. आता एक अख्खं घर आहे, आणि ते आम्हाला मागून धडक बसून मिळालेलं आहे.

जायचं कारण म्हणजे पक्षी. माझे यजमान, शरदराव, यांनी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. थंडीत उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी येतात हे त्यांनी अर्ध्या तालुक्याकडून पाठ करून घेतलं आणि स्वतः एकदाही बघितले नाहीत. "या वर्षी जायचंच," हे त्यांनी गणपतीपासून लावून धरलं होतं. मी म्हटलं, पक्षी काय, पुढच्या वर्षीही येतील. "पक्षी येतील गं," म्हणाले आणि पेपर तोंडासमोर धरून बसले.

गाडी कोण चालवणार, हा खरा तंटा होता. शरदराव एकाहत्तर वर्षांचे आहेत. उन्हाळ्यात त्यांनी आमच्याच फाटकाच्या खांबाला गाडी घासली आणि डाव्या दाराला पोचा पाडला. तेव्हापासून आमचा मुलगा केदार, जो पुण्यात असतो, चावी मागत होता. चावी मागणं म्हणजे काय मागणं हे त्याला पुण्यात बसून कळत नाही. आमच्या वाडीपासून दवाखाना लांब, आणि दिवेलागणीनंतर रिक्षा मिळत नाही. कोणाच्या छातीत कळ आली, कोणाची सून अडली, की फोन शरदरावांना. आमच्या गाडीतून दवाखान्यात जाऊन जन्मलेली पोरं आता शाळेत जातात. शाळेने त्यांना निवृत्त केलं, वाडीने केलेलं नाही, आणि ते सगळं त्या चावीवर चाललेलं आहे.

दिवाळीला केदारनेच आम्हाला गाडीसकट पुण्याला आणलं होतं. थंडी पडेपर्यंत तिथेच राहिलो. निघायच्या दिवशी पोहे खाता खाता बापलेकांचा करार झाला. केदार म्हणाला, पुण्याहून इंदापूर आणि परत. गाडीला ओरखडा न येता आलात तर मी पुन्हा विषय काढणार नाही. ओरखडा आला तर चावी माझी. शरदराव "मंजूर" म्हणाले आणि दुसऱ्यांदा पोहे घेतले. मी साक्षीदार. मला गाडी चालवता येत नाही, त्यामुळे आमच्या घरात मला नेहमी हेच काम मिळतं.

मोरगाव

प्रवासात मला पाट्या वाचायचं काम होतं. मोबाईलवरचा नकाशा शरदरावांना चालत नाही. त्यात बाई बोलते, आणि गाडीत एक बाई पुरे आहे असं त्यांचं म्हणणं. म्हणून मी सासवडपासून प्रत्येक पाटी मोठ्याने वाचत होते. टायर पंक्चरच्या वाचल्या, मंगल कार्यालयांच्या वाचल्या, वाढदिवसाच्या फलकांवरची नावंही वाचली. शरदराव मान डोलवत होते आणि मजेत होते.

आमच्या कोकणात डोंगर, झाडं, कौलं यातून उरलेलं आकाश माणसाला मिळतं. मोरगावच्या माळावर ते उचलून आणून अंगावर टाकल्यासारखं वाटतं. दोन्ही बाजूंना ज्वारी, मध्येच बाजरीची कापून गेलेली रानं, आणि जिकडे तिकडे शेळ्या. देऊळ बाहेरून किल्ल्यासारखं आहे. गणपतीच्या देवळासमोर भला मोठा नंदी बसलाय. मी तिथल्या गुरवांना विचारलं, मग उंदराने काय करायचं? "त्यो बी हाय की," म्हणाले. "कुणाला घालवायचं कशापायी?" हे मला पटलं.

शरदरावांनी गाडीला झेंडूचा हार घातला. आम्ही पिठलं-भाकरी खाऊन येईपर्यंत तो एका शेळीने संपवला होता. बॉनेटवर पुढचे दोन पाय ठेवून खात होती. शरदरावांनी बॉनेटवर हात फिरवून बघितला, ओरखडा नव्हता, म्हणून तिला आम्ही काही बोललो नाही. समोर एसटी थांबली होती आणि एक आजी करडू पदराखाली घेऊन चढत होत्या. कंडक्टरने पदराकडे बघितलं. आजींनी कंडक्टरकडे बघितलं. गाडी सुटली.

मुक्काम बारामतीत केला. रस्ते रुंद, मधे फुलझाडं, आणि लॉजवर गरम पाणी होतं.

कन्हेरीच्या अलीकडे

दुसऱ्या दिवशी सकाळी इंदापूरच्या रस्त्याला लागलो. उसाचे दिवस. आमच्या पुढे पेरूचे क्रेट भरलेली एक पिकअप होती, तिच्या पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर. ट्रॅक्टरवर गाणं इतकं मोठं लावलेलं की शब्द आम्हाला गाडीच्या काचा लावून कळत होते. आमच्या मागे एक पांढरी गाडी आणि तिच्या मागे दुधाचा टेम्पो. हे मागचं मला नंतर कळलं. त्या वेळी मी डावीकडचा ऊस बघत होते, कारण बराच वेळ पाटी आली नव्हती.

मेंढ्यांचा कळप आडवा आला. ट्रॅक्टर थांबला. पिकअप थांबता थांबता ट्रॉलीला टेकली. मग आम्हाला पुढून एक दणका बसला, बारका. लगेच मागून एक, चांगला मोठा. मग त्याच्याही मागे एक झाला, तो नुसता ऐकू आला.

ट्रॅक्टरवाल्याला यातलं काही कळलं नाही. मेंढ्या पार झाल्या, गाणं संपून दुसरं लागलं आणि तो कारखान्याकडे निघून गेला. शरदरावांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. "लागलं का तुला?" त्यांनी विचारलं. नाही म्हटलं. मग समोर बघतच म्हणाले, "उतरून बघ. किती आलंय ते सांग."

आमच्याकडे दोन गाड्या एकमेकींना लागल्या की दोन्ही पक्ष शांतपणे उतरतात, शांतपणे एकमेकांचे नंबर लिहून घेतात आणि मग वर्षानुवर्षं कोर्टात भेटत राहतात. मुलंबाळं मोठी होतात, तिथेच ओळखी वाढतात. पुण्यात लोक उतरतही नाहीत, काच खाली करून बोलतात. इथे काय करतात ते मला माहीत नव्हतं, म्हणून मी पदर खोचून तयार राहिले होते.

पांढऱ्या गाडीतून आधी एक म्हातारे गृहस्थ उतरले, स्वच्छ पांढरा सदरा, पांढरा पायजमा. "लागलं न्हाय न्हवं कुणाला?" त्यांनी सगळ्यांना मिळून विचारलं. मग आमच्याकडे वळले. "कुठलं पाव्हणं?"

"राजापूर."

"कोकणातलं?" त्यांनी आमच्या गाडीच्या मागच्या भागाकडे बघितलं, मग स्वतःच्या गाडीच्या पुढच्या भागाकडे बघितलं. त्यांचा चेहरा पडला. "एवढ्या लांबनं आला, आन् आमच्या गावापाशी आमीच धडकलो व्हय."

हे तात्या. पाटबंधारे खात्यातून निवृत्त, घर कन्हेरीत, तिथून हाकेच्या अंतरावर. गाडी चालवत होती त्यांची मुलगी प्रज्ञा, तिशीची, कृषी खात्यात नोकरीला. ती उतरली, तिने आमच्या गाडीचे चारी बाजूंनी फोटो काढले आणि शरदरावांना म्हणाली, "काका, सॉरी. माझ्याकडून अंतर कमी पडलं." शरदरावांनी स्टिअरिंगवरून नजर काढली नाही. मला वाटलं, रागावलेत.

आणि मग मी असं काही ऐकलं की खोचलेला पदर सोडला. पिकअपचा मागचा फाळका वाकून उघडा पडला होता आणि त्याला आमच्या गाडीचा रंग लागलेला दिसत होता. पिकअपवाला म्हणाला, "ह्यो व्हय? त्यो आदीच वाकडा हुता." दूधवाल्याच्या टेम्पोतून रस्त्यावर दुधाचा ओघळ आला होता आणि दोन कुत्री कामाला लागली होती. तो म्हणाला, "सांडलं न्हाय वो. हिंदकाळलं निस्तं." तात्यांच्या गाडीचा दिवा वायरला लोंबत होता. "ह्यो तसाबी लागत न्हवता," तात्या म्हणाले.

"तात्या, परवाच नवीन बसवलाय," प्रज्ञा म्हणाली.

"तू गप."

मी प्रज्ञाला हळूच विचारलं, हे काय चाललंय? ती म्हणाली, "मावशी, आमच्यात पाहुण्यासमोर आपलं नुकसान सांगत नाहीत. सांगितलं तर मागितल्यासारखं होतं." म्हणजे पाच गाड्यांच्या अपघातात नुकसान एकट्या आमच्या गाडीचं झालं, असं रस्त्यावरच सर्वानुमते ठरलं. ते दिसत मात्र होतं. पुढचा बंपर आत, बॉनेट मधोमध उचललेलं, मागची डिकी चेपून बसलेली. मी शरदरावांना सांगितलं. "ओरखडा?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ओरखडा शोधावा लागेल.

पिकअपवाल्याने जाताना माझ्या हातात पेरूंची पिशवी ठेवली.

कन्हेरी

तात्यांच्या घरापुढे ढोबळी मिरचीचं शेडनेट आहे आणि दारात कडुनिंब. आत भिंतीवर बुद्धाची मोठी तसबीर, तिच्याखाली प्रज्ञाचे पदवीचे फोटो ओळीने. तात्यांच्या पत्नी शांताबाई हातावर पाणी घालायच्या आधीच म्हणाल्या, "जेवल्याबिगर कुटं जायाचं न्हाय." आम्हाला तसंही कुठे जाता येत नव्हतं. गाडीचा पंखा बॉनेटला घासत होता.

जेवायला शेंगोळी केली होती. मी ताटात बघितलं तर बोटाएवढ्या गुंडाळ्या, लसणाचा वास, वर तेलाचा तवंग. पहिल्या घासाला कळलं, हे तर कुळीथ. त्यांच्याकडे हुलगे म्हणतात. आम्ही त्याची पिठी करून सर्दी झालेल्या माणसाला भाताबरोबर देतो, आणि हे लोक पाहुण्याला ताटभर वाढतात. मी शांताबाईंना म्हटलं, आमच्याकडे हे गरिबाचं जेवण समजतात. त्या म्हणाल्या, "आमच्यात बी." आणि आणखी वाढलं.

शरदराव जेवत नव्हते. तात्यांनी दोनदा आग्रह केला, मग थेट मला विचारलं, "साहेबास्नी लागलंय का कुटं? का आमचं कायतरी चुकलं?" तेव्हा मी करार सांगितला. केदार, चावी, वाडी, अडलेल्या सुना, सगळं. शरदराव ताटाकडे बघत होते. तात्यांनी हात धुतला आणि फोन घेऊन कडुनिंबाखाली गेले. प्रज्ञा उठून माझ्याकडे आली आणि गाडीची कागदपत्रं मागून आतल्या खोलीत गेली. दोघांनाही आमचं भलं करायचं होतं. दोघांनी ते एकमेकांना सांगितलं नाही.

थोड्या वेळाने तात्यांचा पुतण्या विकास आला. त्याचं जळोचीला वर्कशॉप आहे, उसाच्या ट्रॉल्या बांधतो. "हितं उनात नगं, माज्याकडं सावलीत लावतो," म्हणून तो गाडी ओढून घेऊन गेला. शरदरावांनी चावी देताना ती एकदा मुठीत धरली आणि मग दिली.

संध्याकाळी केदारचा फोन. "आई, मला मेसेज आलाय. आपल्या गाडीचा क्लेम नोंदवलाय म्हणून. कसला क्लेम?" गाडीचा विमा केदारच्या मोबाईल नंबरवर आहे. प्रज्ञाने विमा कंपनीला कळवून, फोटो पाठवून, दुसऱ्या दिवशीची तपासणीही ठरवून टाकली होती. सरकारी नोकरीत असून एवढं झटपट काम करणारी बाई मी पहिल्यांदा बघितली, आणि तीही नेमकी आमच्या वाट्याला यावी. मी फोन शरदरावांकडे दिला. "उद्या बोलू," म्हणाले आणि बंद केला.

प्रज्ञाला कळलं तेव्हा ती रडायच्या बेतात आली. शरदराव तिला म्हणाले, "तुझं काही चुकलं नाही, बाळ." असं ते तिला का म्हणाले ते मला तेव्हा कळलं नाही.

पुन्हा कन्हेरीच

सकाळी चहा घेत होतो तेव्हा दारात एक गाडी येऊन उभी राहिली. मी म्हटलं, अगदी आपल्यासारखी आहे. विकास उतरला, शर्टाच्या बाहीने बॉनेट पुसलं आणि म्हणाला, "बघा, काय ऱ्हायलंय का."

काहीच राहिलं नव्हतं. बंपरवर उकळतं पाणी ओतून तो आतून ढकलून सरळ केला होता. बॉनेट ठोकून सपाट. डिकी लागत नव्हती, ती आता बोटाने लागत होती. रंग लावला होता, पॉलिश केलं होतं आणि नंबर प्लेटवरून लिंबू-मिरची लोंबत होती. फाटकाच्या खांबाचा डाव्या दारावरचा जुना पोचा, तोही नव्हता. "त्यो बी काढला," विकास म्हणाला. "बरा न्हवता दिसत." मी पैशांचं विचारायला तोंड उघडलं, तर तो ऐकू न आल्यासारखा कडुनिंबाकडे बघायला लागला. शेजारी तात्यांची गाडी दिवा सुतळीने बांधून तशीच उभी होती.

शरदराव गाडीभोवती फिरले. हाताने चाचपत फिरले, पुढून मागे, मागून पुढे. मग खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "ओरखडा नाही." त्यांचा आवाज बदलला होता. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. कोणाला कळणार होतं?

तेवढ्यात फाटकात मोटारसायकल थांबली. विमा कंपनीचा सर्वेअर, म्हणजे नुकसान तपासणारा माणूस. हेल्मेट काढून, रुमालाने मान पुसून त्याने विचारलं, "अपघातग्रस्त वाहन कुठाय?"

"ही काय," तात्या म्हणाले.

त्याने गाडीला एक फेरी मारली. मग उलटी मारली. "नुकसान कुठाय?"

"काढलं," विकास म्हणाला.

"काढलं म्हणजे?"

"नीट केलं."

"तपासणीच्या आधी?"

"मग काय पाव्हण्यानी तशीच न्यायाची?"

"अहो, पण मग मी काय बघू?"

"नीट केलेलं बघा की."

सर्वेअर कट्ट्यावर बसला. शांताबाईंनी त्याला चहा दिला. त्याने मोबाईलमध्ये विमा उतरवतानाचे फोटो काढले आणि म्हणाला, त्या वेळी डाव्या दाराला पोचा होता, तो आता नाही. तेव्हा ही गाडी तीच आहे का हेच आधी ठरवावं लागेल. मग वाकून चासी नंबर तपासला. गाडी तीच होती. "माझ्या नोकरीत," तो म्हणाला, "गाडी विम्याच्या वेळेपेक्षा चांगल्या अवस्थेत पहिल्यांदा बघतोय." प्रज्ञाने त्याला आदल्या दिवशीचे फोटो दाखवले. त्याने ते बघितले, तिच्याकडे बघितलं आणि आपली ठरलेली प्रश्नावली काढली.

"चालक कोण?"

"मी," शरदराव म्हणाले.

"तुम्हाला धक्के किती बसले? एक की दोन?"

हे का विचारतात ते त्यानेच सांगितलं. अशा रांगेतल्या अपघातात मधल्या गाडीला एकच धक्का बसला असेल तर मागच्याने तिला पुढच्यावर ढकललं. दोन बसले असतील तर ती आधी स्वतःच पुढे आपटली. मला दोन बसले होते. आधी पुढून, बारका. मग मागून. मी शरदरावांकडे बघितलं, ते बुटांकडे बघत होते.

"एक," ते म्हणाले.

"एकच," प्रज्ञा लगेच म्हणाली. "आम्हीच मागून आलो. माझी चूक आहे, लिहून घ्या." ती मागच्या गाडीत होती, काच स्वच्छ, समोर आमची गाडी. तिने सगळं बघितलेलं होतं. तात्याही समोरच बसलेले होते. "आमीच वो," ते म्हणाले. पाहुणा स्वतःच आपटला असं पाहुण्याच्या तोंडावर म्हणणं त्या घरात बसत नव्हतं. मी साक्षीदार, मला कोणी विचारलंच नाही, आणि मीही बोलले नाही.

सर्वेअरने तिथल्या तिथे अहवाल पाठवला. नुकसान आढळले नाही, क्लेम बंद. विमा कंपन्या इतक्या चपळ असतात हे मला माहीत नव्हतं. "द्यायाचं नसलं की आस्त्यात," तात्या म्हणाले. तासाभरात केदारचा फोन आला. "बाबा, मेसेज आलाय, गाडीला काहीच झालेलं नाही. मग क्लेम कसला होता?"

"गैरसमज," शरदराव म्हणाले.

"ओरखडा?"

"कंपनीचा माणूस शोधून गेला. नाही म्हणाला."

केदार हसला. "जिंकलात," म्हणाला.

इंदापूरकडे

इतकं सगळं झाल्यावर मला वाटलं शरदराव टेचात गाडीत बसतील. शनिवार होता, प्रज्ञाला सुट्टी. ती वाट दाखवायला आमच्याबरोबर निघाली. शरदरावांनी तिच्यापुढे चावी धरली. "तू चालव. मला आज रस्ता बघायचाय." आमच्या लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, ते आपणहून कोणाला चावी देऊन डावीकडे बसलेले मी कधी बघितले नव्हते. मागच्या सीटवरून मी त्यांचं डोकं बघत होते.

वाटेत जंक्शन नावाचं गाव लागतं. मला तिथे रेल्वे दिसली नाही. निमगाव केतकीला पानमळे आहेत. एका काकांनी आम्हाला मळ्यात नेऊन वेलावरचं पान खुडून दिलं. त्यात चुना नाही, कात नाही, नुसतं पान, आणि ते गोड लागलं. कोकणातल्या माणसाला विड्याच्या पानाचं कौतुक सांगू नये, पण इतकं कोवळं पान मी खाल्लं नव्हतं हे कबूल करते. इंदापूर ओलांडून पाण्याकाठच्या एका गावात पोचलो. होडीवाला जेवत होता, म्हणून आम्हीही एका घरगुती खानावळीत जेवलो. चिलापी, तळलेली. गोड्या पाण्यातल्या माशाला मी मासा म्हणत नाही. दोन खाल्ले.

प्रज्ञाला पाण्याची भीती वाटते, ती काठावर राहिली. चावी तिने शरदरावांना परत दिली. होडीत पुढे आम्ही दोघं, मागे होडीवाले सर्जेराव बांबू रोवत होडी ढकलत होते. पाणी उथळ, मधूनच बुडालेल्या बाभळींचे शेंडे वर आलेले. बरंच आत गेल्यावर सर्जेरावांनी बांबू थांबवला. "त्ये बघा," हळूच म्हणाले. "डाव्या अंगाला."

मी बघितलं आणि माझं तोंड बंद झालं. माझं सहसा होत नाही. पाण्यात शेकड्यांनी उभे होते.

"वा," शरदराव म्हणाले. "काय सुंदर."

ते उजवीकडे बघत होते. तिथे कोळ्यांच्या जाळ्यांचे थर्माकोलचे पांढरे तुकडे ओळीने तरंगत होते.

"अहो, इकडे," मी म्हटलं. त्यांनी मान वळवली. बघत राहिले. मग जेवताना मीठ मागावं इतक्या साध्या आवाजात म्हणाले, "मला दिसत नाहीत गं."

मी त्यांच्याकडे वळून बसले.

"पिकअपही दिसली नव्हती. पुढे गाडी आहे हे मला आपटल्यावर कळलं. मग त्या पोरीची आली." थोडं थांबून म्हणाले, "उन्हाळ्यापासून असं आहे. कडेचं दिसतं. मधे धुकं. पाट्या नाहीत दिसत." राजापूरच्या डॉक्टरांनी पुण्यात मोठ्या डॉक्टरांना दाखवायला सांगितलं होतं. दिवाळीपासून आम्ही पुण्यातच होतो. "म्हटलं, आधी पक्षी बघून घेऊ."

मला राग आला. इतका आला की होडीत उभी राहायला लागले आणि सर्जेराव "ताई, बसा बसा" म्हणाले. मोरगावपर्यंत, बारामतीपर्यंत, मी पाट्या वाचत आले, आणि हा माणूस माझ्या डोळ्यांनी गाडी चालवत होता. पुढे मेंढ्यांऐवजी शाळेची पोरं असती तर? हे मी बोलून दाखवलं. ते म्हणाले, "रात्रभर तेच दिसत होतं." मग माझा राग गेला आणि रडू आलं, आणि ते जास्त वाईट होतं.

त्यांनी खिशातून चावी काढून माझ्या हातात दिली. "केदारला सांग. कंपनीने काय लिहिलं ते सांगू नकोस, धक्के दोन होते ते सांग. त्या पोरीच्या नावावर नको राहायला." चावी माझ्या मुठीत होती तरी त्यांचा हात तिथेच राहिला. "वाडीत काय सांगायचं ते मला सुचत नाही," ते म्हणाले. मलाही ते अजून सुचलेलं नाही. केदार दुसऱ्या दिवशी आला, तात्यांच्या कट्ट्यावर बसून सगळं ऐकून घेतलं, आणि गाडी त्याने नेली. पुण्यात डॉक्टर तपासण्या करतायत. गेलेलं परत येईल असं अजून कोणी म्हटलेलं नाही.

पण ते नंतरचं. होडीत त्यांनी माझ्या बाजूला तोंड केलं आणि विचारलं, "सांग तरी. कसे आहेत?"

मी सांगायला लागले. पाय काडीसारखे, माणसाच्या कमरेइतके उंच. मान पाण्यात घालतात आणि बराच वेळ काढत नाहीत. "चोच मधे वाकडी आहे का?" त्यांनी विचारलं. आहे, म्हटलं. "टोकाला काळी?" काळी. "मग तेच," म्हणाले, आणि हसले. मी अंगाचा रंग सांगितला, धुवून धुवून फिका झालेल्या गुलाबी लुगड्याचा असतो तसा. पंख उचलला की आतून लाल. एक पिल्लू राखाडी आहे, ते आईच्या मागे मागे करतंय. ते डोळे मिटून ऐकत होते.

मग कुठून तरी आवाज झाला आणि सगळा थवा एकदम उठला. डोक्यावरून पलीकडच्या काठाला गेला. समोर नुसतं पाणी राहिलं. पंखांचा आवाज शरदरावांना आला असणारच, पण त्यांनी डोळे उघडले नाहीत. मी सांगायची थांबले नाही. आता दोघं भांडतायत म्हटलं, आता एक जण एका पायावर उभा राहिलाय. सर्जेरावांनी एकदा माझ्याकडे बघितलं, बांबू चिखलात रोवून ठेवला, आणि माझं सांगून होईपर्यंत होडी हलवली नाही.